समाजस्वास्थ्यकार कै. रघुनाथ धोंडो कर्वे



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र थोडक्यात लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. वाणसामानाची यादी आणि माहेरची पत्रे यापलीकडे माझा लेखणीशी संबंध नाही. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई ही नावे इतर भगिनींनी आधीच घेऊन टाकली होती. मग मी भीतभीतच एक नाव सांगितले. ते ऐकून दोघीतिघी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि एकीने पदर तोंडाला लावला. त्यांना मी मुळीच नावे ठेवीत नाही. काही वर्षांपूर्वी मीही तेच केले असते. परंतु त्या हसण्यामुळेच हा लेख लिहिण्याचा माझा निश्चय पक्का झाला.

माझे माहेर दापोली तालुक्यातले. मुरूडचा समुद्र आमच्या गावापासून लांब नाही. मुरूड म्हणजे महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे गाव, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. अण्णांनी विधवांसाठी पुण्याला आश्रम काढला, पुढे स्त्रियांचे विद्यापीठ काढले, शंभर वर्षांहून अधिक जगले आणि भारतरत्न झाले, हे सर्व आम्हाला शाळेत शिकविले होते. पण अण्णांचा थोरला मुलगा कोण, त्याने काय केले, हे कोणी सांगितले नाही. त्यांची ओळख मला लग्नानंतर सासरी झाली, तीही एका जुन्या पेटीतून.

माझे आजेसासरे गिरगावात शिक्षक होते. त्यांच्या मागे राहिलेली एक पत्र्याची पेटी माळ्यावर पडून होती. एका दिवाळीच्या साफसफाईत ती मी उघडली. वर पंचांगे होती, त्याखाली हिशेबाच्या वह्या आणि अगदी तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा. सोडून पाहते तो 'समाजस्वास्थ्य' नावाच्या मासिकाचे जुने अंक! मुखपृष्ठावर स्त्रीचे वस्त्रहीन चित्र. मी दचकले आणि गठ्ठा होता तसा बांधून ठेवला. आमच्या घरातल्या सोवळ्याओवळ्याच्या आजोबांनी हे का जपून ठेवले असावे, हा प्रश्न मात्र मनातून जाईना. पुढे एक प्रसंग असा घडला, की तो गठ्ठा मी पुन्हा काढला आणि या खेपेला अथपासून इतिपर्यंत वाचला. तो प्रसंग मी पुढे सांगणारच आहे. आधी चरित्र सांगते.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. हल्ली आपण संक्रांतीचे हळदीकुंकू बहुधा याच तारखेला सुरू करतो. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ साली, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. त्या काळी बाळंतीण दगावणे ही घरोघरची गोष्ट होती. लोक नशिबाला बोल लावीत आणि तेराव्यानंतर दुसरी मुलगी पाहू लागत. अण्णांनी मात्र कुमारिका न पाहता १८९३ साली एका विधवेशी, गोदूबाईंशी लग्न केले. त्याच पुढे आनंदीबाई किंवा बाया कर्वे म्हणून प्रसिद्ध झाल्या. या पुनर्विवाहामुळे मुरूडच्या लोकांनी अण्णांना वाळीत टाकले होते. चांगल्या कामासाठी समाजाची बोलणी कशी सोसावी लागतात, हे रघुनाथरावांना लहानपणीच घरात पाहावयास मिळाले.

मुलगा बुद्धीने अतिशय तल्लख. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले आणि वडिलांप्रमाणेच गणिताचे प्राध्यापक झाले. १९१९ साली ते गणिताच्या उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेले. परक्या देशात त्यांनी गणित तर केलेच, शिवाय आणखी एका विषयाचा अभ्यास केला. मुले किती व्हावीत आणि केव्हा व्हावीत हे माणसाला ठरविता येते, त्यासाठी साधने आहेत, आणि त्याच साधनांपैकी काहींनी गुप्तरोगांपासूनही रक्षण होते, हे त्यांनी तेथे नीट समजून घेतले.

परत आल्यावर त्यांनी ते ज्ञान स्वतःपाशी ठेवले नाही. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र उघडले. लंडनला मेरी स्टोप्स या बाईंनी असे केंद्र काढले तेही याच वर्षी. म्हणजे विलायतेच्या मागे पन्नास वर्षे चालणारा आपला देश या एका बाबतीत तिच्या बरोबरीने चालला, आणि तोही एका मराठी गणितशिक्षकामुळे! त्यांनी 'संततिनियमन' आणि 'गुप्तरोगापासून बचाव' अशी पुस्तके लिहिली.

त्या काळी गर्मी आणि परमा हे रोग फार होते. मुंबईसारख्या शहरात गिरण्यांतून, गोदीतून, पलटणीतून हजारो पुरुष बायकामुलांना गावी ठेवून एकटे राहत. रोग तेथून निघे आणि सणावाराला घरी येई. ज्या बाईने उंबरठा ओलांडला नाही तिला तो होई. तिला दिवस राहिले तर गर्भ पडे, मूल मेलेले जन्मे, किंवा जन्मताच त्याचे डोळे जात. बिचारीला वाटे, गेल्या जन्मीचे पाप फळले. सासू म्हणे, सून पांढऱ्या पायाची. पेनिसिलिन यावयाला अजून वीसेक वर्षे अवकाश होता. रघुनाथरावांचे म्हणणे अगदी सरळ होते. रोग हा रोग आहे, तो पापाची शिक्षा नव्हे. तो जंतूंमुळे होतो आणि जंतूंना अडविता येते. ज्याला रोग झाला त्याला धर्म शिकवीत बसण्यापेक्षा तो दुसऱ्याला होऊ नये याची युक्ती शिकवावी. आज हे कोणालाही पटेल. त्या वेळी ते ऐकून लोक कानांवर हात ठेवीत.

रघुनाथराव तेव्हा मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवीत होते. कॉलेजच्या चालकांना त्यांचे हे जाहीर काम पसंत पडेना. काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा प्रसंग आला. १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. प्राध्यापकाची नोकरी म्हणजे त्या काळी केवढी प्रतिष्ठा! ती सोडून ज्या कामात पैसा नाही, मान नाही, उलट टिंगल आहे, त्या कामात हा माणूस शिरला. येथे मला त्यांच्या पत्नी मालतीबाईंची आठवण केल्यावाचून राहवत नाही. मूल होऊ द्यावयाचे नाही असे दोघांनी समजून उमजून ठरविले होते. बाईने आपणहून मूल नको म्हणणे आजही आपल्या गल्लीत सोपे नाही. नातेवाइकांची बोलणी ऐकावयाची, अपुऱ्या पैशात घर चालवावयाचे आणि वर नवऱ्याच्या या विलक्षण कामाला हातभार लावावयाचा, हे सर्व त्यांनी केले. रघुनाथरावांच्या आधीच त्या वारल्या. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा बायकांना चार ओळी मिळतात. माझ्या लेखातही त्यांना तेवढ्याच मिळत आहेत, याचे मला वाईट वाटते.

दवाखान्यात येऊन किती जण विचारणार? लाजेने पाय उचलत नाही. छापलेला कागद मात्र पोस्टाने गुपचूप घरी येतो, दार लावून वाचता येतो, आणि आमच्या आजोबांप्रमाणे पेटीच्या तळाशी ठेवता येतो. हे ओळखून रघुनाथरावांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. लेख लिहिणे, मुद्रिते तपासणे, हिशेब ठेवणे, बहुतेक सर्व कामे ते स्वतः करीत. खप बेताचाच, जाहिराती नाहीतच म्हणाव्या इतक्या. तरी एक-दोन नव्हे, सव्वीस वर्षे त्यांनी ते चालविले. त्यात शरीराची माहिती असे, रोगांची असे, आहाराची असे, आणि स्त्रीलाही पुरुषाइतकेच मन आणि इच्छा असते, हे निर्भीडपणे सांगितलेले असे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती वाचकांची प्रश्नोत्तरे. लोक आपल्या मनातल्या शंका लिहून पाठवीत आणि संपादक त्यांची शास्त्रीय उत्तरे छापीत. घरात बापाला विचारता येत नाही, मित्र विचारले तर चुकीचे सांगतात, वैद्य हसतो, असे प्रश्न माणसाने विचारावयाचे कोठे? रघुनाथरावांनी ती जागा करून दिली. उत्तर थोडक्यात, कोरडे, गणित सोडविल्यासारखे. त्यात चेष्टा नाही आणि उपदेशाचे कीर्तनही नाही.

याच गोष्टीवरून त्यांच्यावर खटले झाले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील एका लेखासाठी त्यांना अश्लीलतेच्या आरोपावरून १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल. या वेळी त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. मासिकच जर या विषयाला वाहिलेले आहे आणि वाचक त्याच विषयावर शंका विचारतात, तर संपादकाने उत्तरे द्यावयाची नाहीत तर करावयाचे काय, असा बाबासाहेबांच्या म्हणण्याचा रोख होता. कोर्टाने ते मानले नाही आणि २०० रुपये दंड झाला. खटला हरला, पण मासिक बंद पडले नाही. दंडाचे पैसे भरावयाचे आणि पुढच्या अंकाच्या तयारीला लागावयाचे, असा हा माणूस होता.

महात्मा गांधी संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांच्या विरुद्ध होते. संयम हाच उपाय, असे त्यांचे मत. एवढ्या मोठ्या माणसाच्या मताला विरोध करणे सोपे नव्हते, पण रघुनाथराव तो उघडपणे करीत. त्यांचे म्हणणे, संयम सांगून बायका मरावयाच्या थांबत नाहीत.

त्यांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असे नाही. ते देवधर्म मानीत नसत. माझा गणपतीवर विश्वास आहे आणि तो राहील. त्यांची लेखणीही फार तिखट. चार माणसे सोबत येतील असे गोड बोलावे, हे त्यांना जमले नाही. मुखपृष्ठावरचे ते चित्र नसते तर हे मासिक कितीतरी घरांत उघडपणे गेले असते, असे माझ्यासारख्या संसारी बाईला वाटते. शिवाय ते पोचले ते लिहिता-वाचता येणाऱ्यांपर्यंतच. ज्या बायकांचे गर्भ पडत होते, त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. परंतु वाट पाडणाऱ्याच्या पायात काटे मोडतात आणि मागून येणारे वाट वाकडी आहे म्हणतात, तसे करणे बरे नव्हे.

१९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी रघुनाथरावांनी नोकरी गमावली, ते देशाचे काम झाले. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी ते वारले. वडील अण्णा तेव्हा हयात होते. मासिकही त्यांच्याबरोबरच संपले.

आता तो प्रसंग सांगते. माझी एक मावसबहीण आहे. तिचे नाव देत नाही. आम्ही दोघी एकाच मांडवात लग्न होऊन मुंबईला आलो. तिचे यजमान मालट्रकवर होते, महिनामहिना बाहेर असत. २००२-०३ साली मुंबईत जागोजागी पाट्या लागल्या होत्या, बलबीर पाशाला एड्स होईल का, असे विचारणाऱ्या. बलबीर पाशा हा कोणी खरा माणूस नव्हता, जाहिरातवाल्यांनी उभा केलेला होता. पण आमच्या चाळीत नळावर त्याचीच चर्चा. दूरदर्शनवर त्याच सुमारास एका गुप्तहेराची मालिका लागे, तिच्यातही या रोगाची माहिती असे. आम्ही दोघी ती पाहत असू. हा रोग कसा होतो आणि निरोध वापरल्याने टळतो, हे आम्हा दोघींना चांगले पाठ होते.

आणि तरीही २००५ साली तिचे यजमान त्याच रोगाने गेले आणि तपासणीत तिलाही एचआयव्हीची लागण निघाली. मी रडत तिला म्हटले, अगं, आपल्याला तर सगळे माहीत होते. त्यावर तिने सांगितलेले मी जन्मात विसरणार नाही. माहीत होते, पण नवऱ्याजवळ तो विषय काढावयाचा कोणत्या शब्दांत, हे तिला कोणी शिकविले नव्हते. निरोध वापरा म्हणावे तर तो विचारणार, माझ्यावर संशय घेतेस का? की तुझेच काही आहे? तोंडात शब्दच नव्हते. पाटी वाचून शब्द कळतो, तोंडात येत नाही.

सासरच्यांनी तिला माहेरी धाडले. ज्या दवाखान्यात ती प्रथम गेली तेथे तिला सर्वांसमोर मोठ्याने रोगाचे नाव घेऊन बाजूला बसविले. पण दुसऱ्यांचे कशाला सांगू? ती माझ्याकडे राहावयास आली तेव्हा मी तिचा चहाचा कप निराळा ठेवला. तिने पाहिले आणि काही बोलली नाही. तो कप ती स्वतः विसळून कोपऱ्यात पालथा घालून ठेवी. कपाने, ताटाने, एकत्र झोपण्याने, हातात हात घेतल्याने हा रोग होत नाही, हे मला मालिकेतून माहीत होते. तरी हाताने कप निराळा ठेवलाच. माहिती डोक्यात होती, हातापर्यंत आली नव्हती.

त्याच रात्री मी माळ्यावरची पेटी काढली. मुखपृष्ठाचा संकोच या वेळी वाटला नाही. ते वाचताना माझ्या ध्यानात आले, की रघुनाथराव नुसती माहिती देत नव्हते, ते लोकांना बोलावयास लावीत होते. पाटी आपल्याला सांगते आणि गप्प होते. हे मासिक विचारू देई आणि उत्तर देई. माहिती आणि वागणूक यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्यावरचा साकव म्हणजे बोलणे. सकाळी उठून मी बहिणीचा कप आमच्या कपांत मिसळला आणि तिची क्षमा मागितली.

आज ती बरी आहे. सरकारने १ एप्रिल २००४ पासून या रोगावरची औषधे फुकट देण्यास सुरुवात केली, तिला ती वेळेवर मिळाली. रोज न चुकता गोळी घेते, शिवणकाम करते, पोट भरते. रोग मुळातून जात नाही, पण औषधांनी ताब्यात राहतो. आईला वेळीच औषध मिळाले तर बाळाला बहुतेक वेळा तो होत नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवतात. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करून काहीही विचारता येते. अशा रुग्णाला कामावरून काढण्यास किंवा उपचार नाकारण्यास २०१७ सालच्या कायद्याने मनाई आहे. ही माहिती जपून ठेवा, आणि पेटीच्या तळाशी ठेवू नका.

कारण काम संपलेले नाही. २०१९-२१ मध्ये देशभर झालेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत एचआयव्हीची पुरती माहिती असलेल्या स्त्रिया शंभरात बावीसच्या आसपासच निघाल्या, पुरुष एकतीसच्या आसपास. घरोघर दूरदर्शन संच आणि हातोहात मोबाइल असताना ही गत! समाजस्वास्थ्यकार असते तर त्यांनी एखादा तिखट लेख लिहिला असता आणि दंडही भरला असता.

भगिनींनो, गेल्या संक्रांतीला माझी बहीण माझ्याकडे होती. मी तिला आपल्या हळदीकुंकवाला घेऊन आले होते. ती विधवा म्हणून एकीने तिला कुंकू लावले नाही, आणि कोठून तरी कुणकुण लागली म्हणून दुसऱ्या दोघींनी तिच्या हातचा तिळगूळ घेऊन रुमालात ठेवला, खाल्ला नाही. मी कोणाला दोष देत नाही, कपाची गोष्ट मी वर सांगितलीच आहे. आपण गोड बोला म्हणतो ते नुसते तिळगुळापुरते नसावे. अण्णासाहेबांनी विधवेला माणसांत आणले, त्यांच्या मुलाने रोग्याला माणसांत आणावयाचा प्रयत्न केला. बापलेकांचे काम एकच होते.

माझी मंडळाला एवढीच विनंती आहे. येत्या १४ जानेवारीला हळदीकुंकवाच्या आधी अर्धा तास आपल्या आरोग्यकेंद्रातील डॉक्टरीणबाईंना बोलवावे. एक पेटी ठेवावी आणि ज्या प्रश्नांना तोंड फुटत नाही ते चिठ्ठीवर नाव न घालता लिहून टाकावे. बाईंनी एकेक चिठ्ठी वाचून उत्तर द्यावे. मुलींची लग्ने ठरली आहेत त्यांनी तर अवश्य यावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची चिठ्ठी मी लिहून देईन आणि कोणाला सांगणार नाही. माझी बहीणही येणार आहे. तिळगूळ या खेपेला तिनेच करावा असे मी तिला सांगितले आहे, आणि तिने होकार दिला आहे.

आपल्या मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.